पुंगळी, पेट्रोल आणि धारूरचा घाट

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दोन प्रश्न कायम ऐकू येतात. गाडी नवी असली तर, "काय, एव्हरेज किती देते?" आणि जरा जुनी झाली की, "पुंगळी काढली का नाही अजून?" पहिला प्रश्न घरून मिळणाऱ्या पैशांचा आहे, दुसरा हौसेचा. गंमत अशी, की आपल्यातले बरेच जण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकच समजतात. सायलेंसर मोकळा केला की इंजिन मोकळा श्वास घेतं, गाडी पळते, आणि इंजिनाला जोर कमी लागल्यामुळे एव्हरेजही वाढतं, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक मजल्यावर एक-दोघं तरी सापडतात.

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. तेव्हा या समजुतीला हो किंवा नाही म्हणण्याआधी कागद-पेन घेऊन हिशोब करून बघायला काय हरकत आहे? हिशोबासाठी रस्ता घेऊ बीड जिल्ह्यातल्या धारूरचा. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेलं हे तालुक्याचं गाव. इथून तेलगाव-माजलगावकडे जायचं तर धारूरचा घाट उतरावा लागतो आणि परत यायचं तर चढावा लागतो. सपाट रस्ता, चढ, उतार आणि आंधळी वळणं हे सगळं एकाच फेरीत मिळत असल्यामुळे अभ्यासाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही.

समज आला कुठून?

कोणताही समज हवेतून येत नाही. पुंगळीच्या समजुतीला टू-स्ट्रोकच्या जमान्याचा इतिहास आहे.

यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनत होती. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. त्याचा चिकट कार्बन सायलेंसरच्या आतल्या पुंगळीवर बसत जातो. काही हजार किलोमीटरनंतर पुंगळीची भोकं बुजतात, धूर अडतो आणि गाडी मरगळल्यासारखी चालते. मिस्त्री पुंगळी बाहेर काढायचा, भाजून, खरडून साफ करायचा आणि परत बसवायचा. गाडी लगेच हलकी वाटायची, पिकअप परत यायचा. बघणाऱ्या पोरांनी यातून निष्कर्ष काढला की पुंगळी काढल्यावर गाडी पळते. खरं तर गाडी पळत होती ती पुंगळी साफ केल्यामुळे, आणि शेवटी ती परत बसवली जात होती हे सगळे सोयीस्करपणे विसरले.

टू-स्ट्रोकमध्ये सायलेंसर नुसता आवाज कमी करणारा डबा नसतो, तो इंजिनाचाच भाग असतो. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. धूर बाहेर जाण्याचं आणि ताजं मिश्रण आत येण्याचं काम एकाच वेळी चालतं, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच धुराबरोबर निघून जाऊ शकतो. हे नुकसान पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. त्यावर उपाय म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा पाइप. धुराच्या दाबाची लाट पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरते आणि बाहेर निघालेलं ताजं मिश्रण सिलेंडरमध्ये परत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात रेसच्या गाड्यांवर हे तंत्र पक्कं केलं. हा पाइप कापला तर आवाज वाढतो, शक्ती घटते आणि पेट्रोल फुकट जातं. म्हणजे ज्या गाड्यांवरून हा समज पसरला, त्या गाड्यांच्या बाबतीतही तो अर्धाच खरा होता.

फोर-स्ट्रोकचं गणित

आज आपण चालवतो त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत मोटारसायकल घरोघरी पोचवली ती या १०० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी आणि बजाजच्या बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना या भावंडांनी. या इंजिनात व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात, ऑइल वेगळं राहतं, त्यामुळे सायलेंसरमध्ये कार्बनची ती जाड साय साठत नाही. म्हणजे साफ करण्यासारखं तिथं फारसं काही नसतंच.

"पण सर, बॅक प्रेशर तर असतंच ना?" असा प्रश्न येणार. असतं. पण ते कधी जाचतं ते बघा.

१०० सीसीच्या गाडीची जास्तीत जास्त शक्ती साधारण ६ किलोवॅट. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीने जायला किती लागते? गाडी ११० किलो, चालवणारा ७० किलो, एकूण १८० किलो धरू. टायरच्या घर्षणाचा गुणांक ०.०१५ धरला तर तो विरोध येतो सुमारे २६ न्यूटन. वाऱ्यासाठी आकाराचा गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.५ चौरस मीटर धरला तर ५० च्या स्पीडला वाऱ्याचा विरोध सुमारे ५८ न्यूटन. दोन्ही मिळून ८४ न्यूटन. त्याला वेगाने, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटरने गुणलं की शक्ती येते १.२ किलोवॅटच्या आसपास. ६ पैकी फक्त १.२!

बाकीची शक्ती कुठं गेली? कुठंच नाही. आपणच ॲक्सिलरेटर थोडासाच उघडून ती अडवून धरली आहे. म्हणजे हवा आत जायचा रस्ता आपण स्वतःच्या हाताने चिंचोळा केलेला असतो. अशा वेळी मागून पुंगळी काढणं म्हणजे नळ अर्धा बंद ठेवून खालची मोरी रुंद करण्यासारखं आहे. पाणी वाढणार कुठून?

पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वरच्या आरपीएमला बॅक प्रेशरचा परिणाम जाणवू शकतो, पण तिथंही नुसतं भोक मोठं करून भागत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागतो, त्याला ओव्हरलॅप म्हणतात हे आपण शिकलो आहोत. त्या क्षणी पाइपमधून परत येणारी लाट कमी दाबाची असेल तर धूर ओढून घेते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. कंपनी पाइपची लांबी, जाडी आणि सायलेंसरचे कप्पे हे सगळं यासाठीच जुळवते. बजाजने २००० च्या दशकात आपल्या काही गाड्यांना इंजिनाजवळच्या पाइपवर एक जादा डबी जोडली आणि तिला एक्झॉस्टेक हे नाव दिलं. कमी आरपीएमला ओढ वाढावी हा तिचा उद्देश होता. विचार करा, कंपनी ओढ वाढवण्यासाठी एक कप्पा जास्तीचा लावते आणि आपण त्याच ओढीसाठी कप्पे तोडून टाकतो.

बीएस-६ च्या गाड्यांत प्रकरण आणखी नाजूक झालं आहे. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. या गाड्यांच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. गावठी वेल्डिंग करताना किंवा सायलेंसर बदलताना सेन्सरच्या अलीकडे गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे एव्हरेज वाढायचं राहिलं बाजूला, घटतं. शिवाय सायलेंसरबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकला तर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांसारख्या महागड्या धातूंचा मुलामा असलेला भाग भंगारात जातो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो.

राहिला तो बुलेटचा 'फटाका'. चालत्या गाडीचं इग्निशन क्षणभर बंद करायचं, न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेंसरमध्ये साठू द्यायचं आणि परत इग्निशन चालू करायचं, की धाड! तो धमाका म्हणजे पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेंसरमध्ये जळालेलं पेट्रोल. चाकाला त्यातून काहीच मिळत नाही.

आवाज म्हणजे शक्ती नव्हे

"पण सर, गाडीचा दम आवाजातच कळतो की!" हाही हिशोब करून टाकू.

समजा एका मोकळ्या सायलेंसरपासून १ मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे. कानाला हात लावावा एवढा हा आवाज. १०० डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरला ०.०१ वॅट. १ मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ सुमारे ६.३ चौरस मीटर. गुणाकार केला तर आवाजाची एकूण शक्ती येते ०.०६ वॅट. हो, शून्य पूर्णांक शून्य सहा. आणि इंजिनाची शक्ती आहे ६,००० वॅट. म्हणजे एक लाख भागांतला एक भाग! आपला कान एवढा तीक्ष्ण आहे म्हणून आपल्याला तो भाग मोठा वाटतो. इंजिनाच्या दमाचा अंदाज त्यावरून करणं म्हणजे शिट्टीवरून कुकरमधल्या भाताचं माप काढणं.

सायलेंसर हा आवाज कसा मारतो तेही थोडक्यात बघू. सिंगल सिलेंडर फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. त्यामुळे ६,००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा धूर धक्क्याने बाहेर पडतो. म्हणजे ५० हर्ट्झ, आपल्या घरच्या विजेची फ्रिक्वेन्सी. त्यावर चढत जाणारे सूर वेगळेच. सायलेंसरमधले कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या या लाटा एकमेकींवर परतवतात, त्यात एकीचा चढ दुसरीच्या उताराला भेटतो आणि दोन्ही विरतात. पुंगळी काढली की ही आपटाआपटी थांबते आणि लाट सरळ बाहेर येते.

मग पेट्रोल जातं कुठं?

एव्हरेज ठरतं ते मुख्यतः आपल्या उजव्या मनगटावर. मघाचाच हिशोब पुढे नेऊ. ५० च्या स्पीडला एकूण विरोध ८४ न्यूटन, म्हणजे दर किलोमीटरला चाकापाशी ८४ किलोजूल लागतात. १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. टाकीपासून चाकापर्यंत त्यातली २० टक्के पोचते असं धरलं, तर एव्हरेज येतं लिटरला ७५ किमीच्या आसपास.

आता तीच गाडी ८० ने पळवू. टायरचा विरोध तेवढाच, पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तो ५८ वरून १४८ न्यूटनवर जातो आणि एकूण विरोध १७५ न्यूटनच्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त. भार वाढल्यावर इंजिनाची कार्यक्षमता जरा सुधारते, म्हणून २४ टक्के धरू. तरी एव्हरेज येतं ४४. ७५ वरून ४४! यात गाडी तीच, पेट्रोल तेच, सायलेंसरही तोच.

पैशात सांगायचं तर महिन्याला ६०० किमी गाडी चालते आणि पेट्रोल लिटरला १०० रुपये धरलं, तर ७५ च्या एव्हरेजला ८०० रुपये लागतात आणि ४४ च्या एव्हरेजला १,३६० रुपयांपुढे. फरक महिन्याला साडेपाचशेच्या वर. वर्षाचे झाले साडेसहा हजार. मेसच्या बिलाशी तुलना ज्याची त्याने करावी.

बाकीची गळती छोटी छोटी आहे, पण रोजची आहे. टायरमधली हवा कमी असणं, चेन कोरडी किंवा फार ताणलेली असणं, ब्रेक घासत राहणं, क्लच अर्धवट दाबून चालवणं, एअर फिल्टर धुळीने भरणं. कच्च्या रस्त्यावर गाडी फिरत असेल तर फिल्टरकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. यातल्या प्रत्येक गोष्टीला खर्च दहा-वीस रुपयांचा किंवा नुसत्या दहा मिनिटांचा.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये एकूण ऊर्जा ७ टक्क्यांच्या आसपास कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींचं एव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला होता. म्हणजे ६० ची गाडी ५८ वर आली तर मिस्त्रीशी भांडू नका. हे इथेनॉल काही अंशी उसातून येतं, आणि तो ऊस तोडायला धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतली माणसं दरवर्षी कोयता घेऊन घराबाहेर पडतात. त्या घरांत हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल ही हौस नसते. दवाखाना, बाजार, शाळा, पाहुणे हे सगळं तिच्यावरच असतं. तिथं लिटरमागे पाच किमी वाढले तर तो फरक घरात जाणवतो.

घाट चढताना, घाट उतरताना

आता आपण घाटात येऊ. धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. तेव्हा हा चढ बैलांचा जीव काढत असेल, आज तो पेट्रोल काढतो. किती, ते बघू.

१८० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला १७७ किलोजूल लागतात. इंजिनावर भार असल्यामुळे २४ टक्के कार्यक्षमता धरली, तरी दर १०० मीटर उंचीला सुमारे २३ मिली पेट्रोल जादा जातं. ट्रिपल सीट असेल, म्हणजे प्रत्येकी ६५ किलोचे तिघं, तर एकूण वजन ३०५ किलो आणि जादा पेट्रोल ३९ मिली. चढाला गियर वेळेवर उतरवा. टॉपमध्ये धडधडत नेण्यानं पेट्रोल वाचत नाही, क्लच प्लेट आणि इंजिन मात्र झिजतं.

खरा धोका उताराला आहे. चढाला गेलेलं पेट्रोल वसूल करायचं म्हणून कित्येक जण घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर चावीच बंद करतात. वाचतं किती? फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल तोडतो. म्हणजे गियरमध्ये उतरताना पेट्रोल शून्य, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं! कार्बोरेटरच्या गाडीत गियरमध्ये उतरताना आयडल जेटमधून थोडं पेट्रोल ओढलं जातं हे खरं, पण एका घाटापुरता तो हिशोब दोन-चार रुपयांच्या पुढे जात नाही.

आणि त्या बदल्यात गमावतो काय? इंजिन ब्रेकिंग. तिघं जण १०० मीटर खाली उतरले की सुमारे ३०० किलोजूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत १ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जातं. यातला काही भाग वारा आणि टायर खातात, बाकीचा सगळा ब्रेकवर येतो, तोही बहुतेक छोट्या ड्रम ब्रेकवर. ब्रेक शू तापले की पकड कमी होते. पायाखाली पॅडल दाबलेलं आहे, पण गाडी थांबत नाही अशी वेळ येते, आणि ती नेमकी वळणावर येते. धारूरच्या घाटाबद्दल वर्षानुवर्षांची तक्रार आहे ती अरुंद रस्त्याची आणि तीव्र वळणांचीच. गळिताच्या हंगामात तेलगावच्या साखर कारखान्यामुळे या भागात उसाची वाहनंही असतात. तेव्हा नियम सोपा ठेवा. ज्या गियरमध्ये घाट चढलात, त्याच गियरमध्ये उतरा.

आवाजाचा संबंध इथंही आहे. आंधळ्या वळणावर समोरच्याचा हॉर्न हाच आपला डोळा. ज्याच्या गाडीचा सायलेंसर मोकळा आहे, त्याला स्वतःच्या आवाजात तो हॉर्न ऐकू येत नाही. आपला आवाज सगळ्यांना जातो म्हणून आपण सुरक्षित, असं पुंगळीवाले सांगतात. पण आवाज मागच्या बाजूला जास्त जातो आणि धोका पुढून येत असतो.

आवाजाचं बिल कोण भरतं?

पेट्रोलचं बिल गाडीवाला भरतो. आवाजाचं बिल भरतात इतर लोक.

१ एप्रिल २००५ पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दुचाकींना आवाजाच्या मर्यादा लागू झाल्या. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८०. ही चाचणी गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन मायक्रोफोनसमोरून नेऊन होते आणि मायक्रोफोन असतो गाडीच्या वाटेपासून ७.५ मीटरवर. आता समजा पुंगळी काढल्यावर आवाज १५ डेसिबलने वाढला. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. या हिशोबाने जो आवाज आधी ७.५ मीटरवर ऐकू येत होता, तेवढाच आता सुमारे ४२ मीटरवर ऐकू येतो. अंतर साडेपाच पट, पण त्रास होणारं क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने, म्हणजे तीस पटीहून जास्त! एक गाडी, आणि तीसपट खिडक्या.

त्यात हा आवाज असतो खालच्या सुरांचा. खालचे सूर भिंतीतून आणि बंद खिडकीतूनही आत येतात, उशीने कान झाकून उपयोग होत नाही. शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. म्हणून रात्री अकराला गेटवर मारलेली रेस शेवटच्या विंगमध्येही स्पष्ट ऐकू येते. सबमिशनच्या आदल्या रात्री याचा अनुभव सगळ्यांनी घेतला आहे. पण हॉस्टेलच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे, आणि तिथं तान्हं पोर असतं, नाइट ड्युटी करून झोपलेली नर्स असते, आजारी म्हातारं माणूस असतं. ते तक्रार करायला येत नाहीत म्हणून त्यांना त्रास होत नाही असं नाही.

कायदाही माहीत असलेला बरा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शाळा-कॉलेज, दवाखाने, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा शांतता परिसर धरला तर तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाजाचे किंवा हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं ते वेगळंच. गाडीत बेकायदा फेरफार केल्याबद्दल कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड आहे. पुण्या-नागपूरकडे जप्त केलेले सायलेंसर पोलिसांनी रोडरोलरखाली घातल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. ज्याने हप्ते भरून गाडी घेतली त्याला हा सौदा परवडणारा नाही.

करून पाहा

वाचून विश्वास ठेवू नका, मोजून ठेवा. त्यासाठी लॅबची गरज नाही.

१) एव्हरेज मोजताना टाकी फुल करा, किलोमीटर लिहून घ्या, गाडी वापरा आणि पुन्हा त्याच पंपावर गाडी मेन स्टँडवर लावून त्याच पातळीपर्यंत फुल करा. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले तेवढेच खर्च झाले. अशा तीन भरण्यांची सरासरी काढा. रिझर्व्हला आली, शंभरचं टाकलं, एवढ्यावरून काढलेलं एव्हरेज म्हणजे गप्पा.

२) एका महिन्यात एकच गोष्ट बदला. एक महिना हवा दर आठवड्याला तपासा. दुसऱ्या महिन्यात ५० च्या वर जाऊ नका. दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

३) मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक आकडा देत नाही, पण एकाच मोबाइलने, एकाच अंतरावरून, एकाच आरपीएमला दोन गाड्यांची तुलना करता येते. मूळ सायलेंसरची एक आणि मोकळ्या सायलेंसरची एक अशा दोन गाड्या घ्या, आणि हा प्रयोग वस्तीपासून लांब, दिवसा करा.

४) ज्यांच्या घराजवळ घाट आहे त्यांनी एकट्याने आणि डबल सीट असं दोन वेळा तेच अंतर कापून पेट्रोलचा फरक मोजावा आणि वरच्या गणिताशी ताडून पाहावा. गृहीत धरलेले आकडे तुमच्या गाडीला थोडे वेगळे पडतील. ते का वेगळे पडले हे शोधणं हाच खरा अभ्यास.

मेकॅनिकलच्या मुलांनी पार्किंगमध्ये एक साधा तक्ता लावावा असं सुचवतो. त्यात गाडी, सीसी, मूळ सायलेंसर आहे की बदललेला, आणि वर सांगितल्याप्रमाणे मोजलेलं एव्हरेज एवढेच रकाने ठेवा. नाव लिहायची गरज नाही. स्टाफच्या गाड्याही त्यात धरा, म्हणजे तक्रारीला जागा नको. सेमिस्टरच्या शेवटी तो तक्ता याच पानांवर छापू. पुंगळी काढून एव्हरेज वाढल्याचं कुणी मोजून दाखवलं, तर वरचा सगळा हिशोब आपण पुन्हा पहिल्यापासून तपासून बघू.